एबीएल कायनेजचा सुटलेला ब्रेक

एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूवरचा एक फॉस्फेट काढून प्रथिनातल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांना जोडणे, हे प्रथिन-कायनेज विकरांचे काम. एवढ्याने प्रथिन चालू होते किंवा बंद पडते. माणसात अशी 500 हून अधिक कायनेज आहेत; एबीएल त्यांपैकीच एक. 1950 च्या दशकात सिॲटलमध्ये फिशर आणि क्रेब्स यांनी स्नायूंमध्ये ही कळ ओळखली. टायरोसीनवरचा फॉस्फेट मात्र टोनी हंटर यांना 1979 मध्ये दिसला, तोही प्रयोगातले बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) जुने झाल्यामुळे. पीएच 1.9 वरून 1.7 वर उतरला होता आणि फॉस्फेट जोडलेल्या थ्रिओनीन आणि टायरोसीनचे एरवी एकत्र सरकणारे दोन ठिपके वेगळे झाले.

रोगाचा धागा आधीच सापडला होता. 1960 मध्ये नोवेल आणि हंगरफोर्ड यांना दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगात एक आखूड गुणसूत्र आढळले. 1973 मध्ये जॅनेट राऊली यांनी दाखवले, की 9 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. या सांध्यावर 22 वरचे बीसीआर आणि 9 वरचे एबीएल ही जनुके जोडली जाऊन बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन तयार होते. एरवी एबीएलच्या टोकाची मेदाम्लाची शेपटी एका खोबणीत बसून विकराला आवरते. जोडणीत ते टोकच जाते. शिवाय बीसीआरमुळे रेणू एकत्र येतात आणि एकमेकांनाच चेतवतात. पांढऱ्या पेशी थांबत नाहीत.

कायनेजवर औषध करणे अशक्यच मानले जाई, कारण एटीपीची जागा सगळ्यांची सारखी. एबीएलला रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधाचा मूळ रेणू प्रोटीन कायनेज सी या दुसऱ्या कायनेजवरही चालत होता. एका मिथाइल गटाने तो दोष गेला. तो रेणू एबीएलच्या बंद अवस्थेला धरतो, निवड साधते ती तिथे. 1998 मध्ये अमेरिकी कर्करोगतज्ज्ञ ब्रायन ड्रकर यांनी रुग्णांवर चाचणी सुरू केली. 300 मिलिग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्या 54 पैकी 53 रुग्णांचे रक्तचित्र पूर्ववत झाले. भारतात इमॅटिनिबच्या बीटा स्फटिकरूपाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी नाकारले, आणि स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट खुली राहिली.

नेहमीची मात्रा रोज 400 मिलिग्रॅम, जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर. क्षयाचे रिफाम्पिसिन सुरू झाले तर यकृत इमॅटिनिब भराभर मोडते आणि रक्तातली पातळी घसरते. आपल्याकडे क्षय इतका असताना हे विचारायलाच हवे. मात्रा चुकवल्या तरी उपचार फसतो. बीसीआर-एबीएलचे प्रमाण तीन महिन्यांत 10 टक्क्यांवर आणि वर्षभरात 0.1 टक्क्यावर यावे.

तरी एबीएलमध्ये 315 व्या जागी थ्रिओनीनऐवजी आयसोल्युसीन आले, की इमॅटिनिबला शिरायला जागाच उरत नाही. नंतरची डासॅटिनिब, निलोटिनिब ही औषधेही निकामी. त्यावर 2012 मध्ये पोनॅटिनिब आले. 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले ॲसिमिनिब एटीपीच्या जागेकडे जातच नाही. ते शेपटीच्या त्या रिकाम्या खोबणीत बसते आणि ब्रेक पुन्हा लागतो.