घरचा घातक कचरा : ट्यूबलाइटला अर्ज नको, मांडवाला हवा

गोव्यात पंचायतीत काही काम म्हटलं की आपण आधी घरपट्टीची पावती आणि आधार कार्डाची झेरॉक्स पिशवीत टाकतो. जुनी ट्यूबलाइट द्यायला यातलं काहीच लागत नाही. कचरा ज्याचा, जबाबदारी त्याची. मग तो भाटकार म्हणजे जमीनमालक असो की भाड्याच्या खोलीत राहणारा.

2016 च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका यांच्याबरोबर ‘घरगुती घातक’ कचरा वेगळा काढला. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, वापरलेल्या बॅटऱ्या, पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेली औषधं, इंजेक्शनच्या सुया हे सगळं त्यात येतं. सुक्याच्या पिशवीत ते ढकलू नका. ती पिशवी पुढं कुणीतरी हातानं निवडतं. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण घट्ट लावून ठेवा. ट्यूब फुटली तर खिडक्या उघडा, तुकडे पुठ्ठ्यानं गोळा करा, झाडू मारू नका, कारण आत पारा असतो. आणि नारळाच्या सोडणांबरोबर भाटात, म्हणजे बागायतीत, पेटवून देणं तर नकोच.

द्यायचं कुठं? असा कचरा स्वीकारणारी केंद्रं उघडून त्यांच्या वेळा जाहीर करणं हे नियमानं स्थानिक संस्थेचं काम. तेव्हा पंचायत वा पालिकेत केंद्र आणि वार विचारून घ्या. साळगावचा प्रकल्प रोजच्या कचऱ्यासाठी. घातक कचऱ्यासाठीचा प्रकल्प सत्तरीत पिसुर्ल्याला आहे. जुना मोबाइल, संगणक हा ई-कचरा. तो अधिकृत संकलकालाच द्या, आधी त्यातली माहिती पुसून.

लेखी कळवावं लागतं ते मांडवासाठी. परवाना नसलेल्या जागी, म्हणजे अंगणात किंवा मोकळ्या भाटात, शंभरावर माणसं जमणार असतील तर पंचायतीला किमान 3 कामाचे दिवस आधी कळवायचं. शनिवार-रविवार मोजू नका. मुंज रविवारची असेल तर पत्र मंगळवारपर्यंत पोचलेलं बरं. साध्या कागदावर नाव, घर क्रमांक, जागा, तारीख, अंदाजे माणसं आणि कचरा वेगळा करायची सोय लिहा. पत्रावळी कोण उचलणार, हे केटररशी आधीच ठरवा. नंतर तो सापडत नाही.

कचऱ्याची गाडी येतच नसेल तर पंचायत सचिवांच्या नावे तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. ती प्रत हातात नसताना ग्रामसभेत उठलात, तर ‘असा अर्ज आलाच नाही’ एवढ्यावर विषय मिटतो.