पंचनामा आणि निरूपण

कथाप्रधान व्हिडिओ गेम एकदा संपवल्यावर पुन्हा त्यातच शिरून भिंतीवरची तसबीर, टेबलावरचे औषध, पात्राच्या मनगटावरची खूण असे बारकावे भिंगाखाली धरणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. मी स्वतः त्याच जातीचा आहे. तक्रार आहे ती अशा बारकाव्यांवरून जे काही लिहिले जाते त्या सगळ्याला 'थिअरी' हे एकच नाव देण्याच्या सवयीविषयी. त्या एका नावाखाली दोन अगदी निराळी कामे चालतात. पहिले काम पंचनाम्याचे: गेमच्या जगात खरोखर काय घडले आणि ते खेळणाऱ्यापासून लपवताना कर्त्यांनी कोणत्या खुणा मुद्दाम मागे ठेवल्या, हे शोधायचे. दुसरे काम निरूपणाचे: जे डोळ्यांसमोर आहे त्यातून कोणता अर्थ उमटतो, हे उलगडून सांगायचे. कीर्तनकार एका अभंगावर तासभर बोलतो तेव्हा तो तुकोबांच्या घराची झडती घेत नसतो, आणि त्याने ती घ्यावी अशी श्रोत्यांचीही अपेक्षा नसते. (पुढे काही जुन्या गेमचे शेवट उघड होणार आहेत, ज्यांना ते नको असतील त्यांनी इथेच थांबावे.)

पंचनामा म्हणजे काय हे या छंदातल्या वाचकाला समजावण्याची गरज नाही, म्हणून दोन उदाहरणांवर भागवतो. 'बायोशॉक'मध्ये (२००७) ॲटलस हा वाटाड्या रेडिओवरून महत्त्वाच्या विनंत्या 'वुड यू काइंडली' ('कृपा कराल का') या तीन शब्दांत गुंडाळून करतो. आपण ते सभ्यपणाचे लक्षण समजतो आणि शहराचा संस्थापक रायन याच्या खोलीत पोहोचल्यावर कळते की त्या तीन शब्दांनीच आपल्याला कळसूत्री बाहुलीसारखे नाचवले. दुसरे उदाहरण 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'चे (२०२०). गेम पूर्ण झाल्यावर सुरुवातीचा पडदा बदलतो, धुक्यातल्या पाण्यात उभी असलेली नाव किनाऱ्याला लागलेली दिसते आणि दूरवर एक गोल इमारत दिसते. ती इमारत कॅटालिना बेटावरची आहे हे ओळखून गेममधली ॲबी आणि तिचा सोबती लेव्ह तिथे पोहोचले असा निष्कर्ष रसिकांनी काढला. दोन्ही ठिकाणी खूण पेरलेली होती, आणि ती पेरलेली असल्याचे गेमच दाखवतो: एकीकडे कथा त्या खुणेपाशी परत येते, दुसरीकडे ती खूण गेम संपवणाऱ्यालाच मिळते. चांगला पंचनामा असा असतो आणि तो वाचायला मला मनापासून आवडतो.

निरूपणाचे उदाहरण मात्र जरा सावकाश पाहावे लागेल, कारण घोळ तिथे होतो. 'सायलेंट हिल' (१९९९) ज्याने खेळला आहे त्याला त्या गावातले धुके विसरता येत नाही. चार पावलांपलीकडचे दिसत नाही, रेडिओची खरखर वाढू लागते, आणि मुलीला शोधणारा बाप आपण कोणत्या दिशेने धावतो आहोत हे नीट न समजताच धावत राहतो. हे धुके म्हणजे त्या बापाला, हॅरीला, ठाऊक नसलेल्या भूतकाळाचे रूप आहे, असे कोणी लिहिले तर ते मला पटते. आता या धुक्याच्या जन्माची कथा पाहा. पहिल्या प्लेस्टेशनला दूरवरच्या इमारती एकाच वेळी रेखाटणे झेपत नव्हते, म्हणून कर्त्यांनी धुके आणि अंधार यांच्या आड ती उणीव झाकली. म्हणजे मुळात ही तांत्रिक तडजोड होती. हे कळल्यावर वरच्या निरूपणाचे काय बिघडले? काहीही नाही. धुके का आले हा एक प्रश्न आहे आणि आल्यावर ते काय करते हा दुसरा. २०१२ साली या मालिकेतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांची 'एचडी' आवृत्ती निघाली. तिच्यात दुसऱ्या भागातले धुके विरळ झाले आणि त्यामागे दडलेल्या अर्धवट कडा उघड्या पडल्या, तेव्हा रसिक खवळले. चित्र अधिक स्वच्छ दिसत होते आणि गाव मात्र हरवले होते.

मला ठासून सांगायचा फरक हाच आहे. पंचनाम्याला हेतू लागतो, निरूपणाला तो लागत नाही. एखादा बारकावा अपघाताने, घाईने किंवा काटकसरीने आला असे उद्या सिद्ध झाले, तर त्यावर उभा असलेला पंचनामा कोसळतो. निरूपण जागच्या जागी राहते. त्यामुळे कोणतेही लेखन हाती आले की मी मनात एकच प्रश्न विचारतो: हा बारकावा चुकून आला असे समजले, तर या लेखकाचे म्हणणे शिल्लक राहील का? बहुतेक वेळा एवढ्यावरच आपण काय वाचत आहोत ते समजते. लिहिणाऱ्याने मात्र हा प्रश्न स्वतःला विचारलेला नसतो, हे दुर्दैव.

'मास इफेक्ट थ्री'चे (मार्च २०१२) प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. शेवट न आवडलेल्या रसिकांनी अशी मांडणी केली की शेवटच्या भागात दिसते ते घडतच नाही. रीपर या शत्रू यंत्रांनी नायक शेपर्डच्या मनाचा ताबा घेतला आहे आणि आपण पाहतो तो त्या मनातला झगडा आहे. पुरावे जमवण्यात त्यांनी कसूर केली नाही. शेपर्डच्या स्वप्नांत दिसणारी झुडपे शेवटच्या चढाईतही दिसतात. हातातल्या पिस्तुलातल्या गोळ्या संपत नाहीत. शेपर्डचा वरिष्ठ अँडरसन याला गोळी लागते आणि नंतर शेपर्डच्याही कुशीतून रक्त वाहते. एरवी सौम्य पर्यायासाठी वापरला जाणारा निळा रंग इथे रीपरांवर ताबा मिळवण्याच्या पर्यायाला आहे आणि लाल रंग त्यांच्या विनाशाला. मांडणी इतकी देखणी होती की खरी असती तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण जून २०१२ मध्ये कर्त्यांनी शेवटाची वाढवलेली आवृत्ती मोफत दिली आणि तिच्यात प्रत्येक पर्यायाचे परिणाम खरोखर घडल्याप्रमाणे दाखवले. पंचनामा म्हणून ही मांडणी त्या दिवशी निकालात निघायला हवी होती.

ती निघाली नाही, आणि ज्या वाटेने ती वाचली ती वाट मला सर्वात जास्त खटकते. कालपर्यंत 'झुडपे हा निर्णायक पुरावा आहे, विश्वास नसेल तर चित्रे तपासा' असे दरडावणारे लोक दुसऱ्या दिवशी 'हा आमचा अन्वय आहे आणि अन्वय चूक किंवा बरोबर नसतो' असे म्हणू लागले. हा कांगावा आहे. ज्याने साक्षीदार उभे केले त्याला साक्षीदार फुटल्यावर 'मी तर कविता वाचत होतो' असे म्हणता येत नाही. खरे वाईट याचे वाटते की त्याच झुडपांवर एक उत्तम निरूपण लिहिता आले असते. तीन गेमभर माणसे गमावलेला सैनिक शेवटच्या चढाईला निघतो तेव्हा त्याच्या झोपेतले रान रणभूमीवर उगवते. जागेपण आणि दुःस्वप्न यांच्यातले अंतर मिटते. झुडपांचे तेच मॉडेल वेळ वाचवण्यासाठी पुन्हा वापरले असले, तरी हे वाक्य खोटे ठरत नाही. पण ते कोणाला लिहायचे नव्हते, कारण त्यातून 'खरा शेवट वेगळाच आहे' हे समाधान मिळणार नव्हते.

उलट दिशेचा घोळही तितकाच त्रासदायक आहे. कोणी धुक्यावर किंवा रंगांवर विचारपूर्वक काही लिहिते आणि खाली एक शहाणा येऊन 'ते तर मेमरी वाचवायला केले होते' एवढेच लिहून विजयी मुद्रेने निघून जातो. त्याने पंचनाम्याची हरकत निरूपणावर घेतलेली असते.

पंचनामेवाल्यांचा लाडका युक्तिवाद असा: चित्रपटात एखादी वस्तू चुकून चौकटीत राहू शकते, पण गेममध्ये प्रत्येक वस्तू कोणीतरी बसून बनवलेली असते, म्हणून तिथले काहीही निरर्थक नाही. पहिला भाग खरा आहे, दुसरा त्यातून निघत नाही. बनवलेली वस्तू आणि सांगण्यासाठी बनवलेली वस्तू यांत फरक आहे. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधले ढग आणि झुडपे हे एकच चित्र आहे, केवळ रंग बदललेला; त्यावरून झुडपे जमिनीवर उतरलेले ढग आहेत असे कोणी म्हणू लागले तर आपण हसू. 'सुपर मारिओ ६४'मधल्या (१९९६) अंगणात एक अस्पष्ट पाटी आहे. तिच्यावर 'एल इज रियल २४०१' असे लिहिले आहे आणि ती त्या गेममध्ये न दिसणाऱ्या मारिओच्या भावाची, लुइजीची खूण आहे, असे रसिक कित्येक वर्षे मानत होते. २०२० साली फुटलेल्या निर्मितीच्या फायलींमध्ये लुइजीचे अवशेष सापडले तेव्हा मोठा जल्लोष झाला. पण तीच पाटी १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम' या वेगळ्याच गेममधल्या एका गुहेतही आहे, आणि तिथे लुइजीचा काही संबंध नाही. लुइजी खरोखर योजला होता म्हणून पाटी त्याच्याविषयी बोलत होती असे ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, इतकेच. निष्कर्ष बरोबर निघाला तरी पुरावा कच्चा असू शकतो, हे मान्य करायला रसिक तयार नसतात.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. पंचनाम्याला बाण आणि वर्तुळे काढलेली चित्रे लागतात, निरूपणाला परिच्छेद लागतात. पंचनाम्याचे व्हिडिओ लांबलचक असतात. 'इस्टर एग', म्हणजे गेममध्ये लपवलेली गंमत, हा यांपैकी काहीच नाही, तो कर्त्याने मारलेला डोळा आहे. 'लोर', म्हणजे गेमच्या जगाचा पूर्वेतिहास, हा कच्चा माल, तो दोघांनाही चालतो.

निरूपण म्हणजे मनाला येईल ते बोलायची मुभा, असाही समज आहे, आणि तो पंचनामेवाल्यांनी निरूपणाच्या आश्रयाला येऊन अधिकच पसरवला. अभंगाचे पहिले दोन चरण घेऊन रंगात आलेला बुवा तिसऱ्या चरणात नेमके उलट म्हटले आहे हे विसरला, तर पुढच्या रांगेतली म्हातारी माणसे एकमेकांकडे बघतात. गेमच्या निरूपणालाही हीच शिस्त आहे: उरलेल्या गेमशी ते जुळले पाहिजे. कर्त्याच्या मुलाखतीने ते पडत नाही, गेममधल्या दुसऱ्या प्रसंगाने मात्र पडू शकते. मला विचाराल तर ही कसोटी पंचनाम्यापेक्षा कठीण आहे, कारण इथे एक ठळक पुरावा दाखवून सुटका होत नाही.

'डार्क सोल्स'सारखे गेम ही सीमारेषा मुद्दाम पुसट करतात. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी लहानपणी न समजणारी इंग्रजी पुस्तके वाचत आणि गाळलेल्या जागा कल्पनेने भरत. त्यांच्या गेममधल्या वस्तूंची तुटक वर्णने त्याच वळणाची आहेत. तिथे पंचनामा करणे हा खेळाचाच भाग आहे, हे मी मान्य करतो. तरीही फरक उरतोच. त्यात भेटणारा सोलेअर हा योद्धा ग्विन राजाचा हरवलेला थोरला मुलगा आहे, असे पहिल्या भागापासून (२०११) अनेकांनी मानले होते. तिसऱ्या भागात (२०१६) निनावी राजा आला आणि ते नाते उघडपणे त्याच्याकडे गेले. पंचनामा संपला. पण छातीवर हाताने रंगवलेला सूर्य मिरवत, विझत चाललेल्या जगात 'स्वतःचा सूर्य' शोधणारा तो भाबडा योद्धा हा पित्याच्या शोधातल्या पुत्रासारखा दिसतो, हे आजही म्हणता येते. त्यासाठी तो रक्ताचा पुत्र असण्याची गरज नाही.

दोन्ही कामे एकाच वस्तूवर कशी येतात हे पाहायचे असेल तर 'सायलेंट हिल टू'ची २०२४ मधली नवी आवृत्ती पाहावी. २००१ च्या मूळ गेममध्ये दूरचित्रवाणीसमोर मरून पडलेला एक माणूस नायक जेम्ससारखाच दिसतो, आणि त्यावरून जेम्स त्याच गावात पुन्हा पुन्हा फेरे घेतो आहे अशी अटकळ जुनी आहे. एकटे ते प्रेत मला कधीच पुरेसे वाटले नाही, कारण नायकाचे मॉडेल दुसरीकडे वापरणे ही काटकसरही असू शकते. नव्या आवृत्तीत मात्र २६ छायाचित्रे विखुरलेली आहेत. प्रत्येकातली ठरावीक वस्तू मोजून त्यावरच्या मजकुरातले तितकावे अक्षर घेतले की २६ अक्षरांचे एक इंग्रजी वाक्य तयार होते: 'यू हॅव बीन हिअर फॉर टू डेकेड्स', त्यातले 'यू हॅव' संक्षिप्त रूपात. २६ चित्रे आणि २६ अक्षरे योगायोगाने जुळत नाहीत. रसिकांनी ते त्याच वर्षी उकलले, आणि वाक्य सापडले इथपर्यंत पंचनामा निर्दोष आहे.

त्यापुढे लगेच 'फेऱ्यांची थिअरी सिद्ध झाली' असे मथळे झळकले. हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, हे मात्र छायाचित्रे मोजून कळत नाही. जेम्सला उद्देशून असेल तर ते फेऱ्यांविषयी आहे. २००१ पासून या गावातून बाहेर न पडलेल्या आम्हा रसिकांना उद्देशून असेल तर ते आमच्याविषयी आहे. इंग्रजी 'यू' दोन्ही अर्थ पोटात ठेवून गप्प बसतो. मराठीत ते वाक्य लिहायला घेतले की पहिल्याच शब्दाशी अडायला होते, कारण 'तुला इथे येऊन दोन दशके झाली' लिहायचे की 'तुम्हाला', हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी 'तुम्हाला' लिहितो.