ख्रिसमसच्या कादंबरीतलं ते गाव आलं कुठून?

नायिका शहरातली नोकरी सोडून गावी येते, गावातली बेकरी बंद पडायला आलेली असते, चौकटीचा शर्ट घातलेला कोणीतरी अबोल सुतार भेटतो आणि २४ डिसेंबरला बरोब्बर बर्फ पडतो. शेवट काय ते पहिल्या दहा पानांत कळतं, तरी सुट्टीत पांघरुणात शिरून मी दरवर्षी अशी एक तरी वाचतेच.

पण ते गाव वाटतं तितकं जुनं नाहीये हं. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या ज्या न्यू इंग्लंडात यातल्या कितीतरी गोष्टी घडतात, तिथल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ ख्रिसमस पाळला तर पाच शिलिंग दंड होता! तिथल्या प्युरिटन म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंट लोकांना बायबलमध्ये हा सण कुठे सापडेना, म्हणून बंद. अमेरिकेत त्याची सरकारी सुट्टी सुरू झाली ती थेट १८७० ला.

उबदारपणा आणला लेखक वॉशिंग्टन आयर्विंगने. न्यूयॉर्कचा माणूस, इंग्लंडमध्ये राहून १८१९-२० ला त्याने 'स्केच बुक' हप्त्याहप्त्याने छापलं, त्यात खेड्यातल्या जमीनदाराच्या वाड्यावरचा ख्रिसमस आहे, आणि गंमत म्हणजे तो जमीनदार तेव्हाच हळहळतोय की जुन्या चालीरीती राहिल्या नाहीत. म्हणजे 'आमच्या वेळचा ख्रिसमस' हे रडगाणं पहिल्यापासूनचंच. तिथेच एका तळटीपेत ख्रिसमसला घरात टांगतात त्या मिसलटोचा नियम पण आहे, त्याच्याखाली मुलीचा मुका घेतला की दरवेळी एक फळ तोडायचं, फळं संपली की हक्क संपला. (मिसलटो म्हणजे आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाचाच भाऊबंद. आपल्याकडे ती शिवी, तिकडे रोमान्स!)

मग इंग्रज कादंबरीकार डिकन्स. त्याच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये मंडळी घोडागाडीत भलामोठा कॉड मासा कोंबून खेड्यात ख्रिसमसला जातात, मिसलटोखाली मुके होतात, आणि पिकविकसाहेब बर्फ फुटून पाण्यात पडतात. डिकन्स जन्मला १८१२ ला, इंग्लंडमध्ये तेव्हा कडाक्याची थंडी होती, १८१४ ला तर लंडनची थेम्स गोठून तिच्यावर जत्रा भरली होती, तशी जत्रा पुन्हा भरली नाही. पुस्तकांतला बर्फ बहुधा त्याच लहानपणातला. १९ डिसेंबर १८४३ ला 'अ ख्रिसमस कॅरल' आलं, किंमत पाच शिलिंग (दंडाइतकीच!), आणि सहा हजार प्रती ख्रिसमसच्या आधी संपल्या. महागड्या छपाईमुळे डिकन्सच्या हाती फारसं काही उरलं नाही, पण या सुट्टीत पुस्तक खपतं हे प्रकाशकांना पक्कं कळलं. आपल्याकडच्या दिवाळी अंकांचं गणित तरी दुसरं काय आहे?

प्रेमकथेचा कारखाना बराच नंतरचा. मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था १९०८ ला लंडनमध्ये सुरू झाली, आधी सगळंच छापायची, नंतर भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्यांच्या जोरावर नुसत्या प्रेमकथांकडे वळली. कॅनडाच्या हार्लेक्विनने ती १९७१ ला विकत घेतली आणि पुस्तकं सुपरमार्केटमध्ये किराण्याशेजारी मांडली. मग एकच गाव धरून मालिका लिहायची पद्धत चांगलीच रुळली. रॉबिन कारचं 'व्हर्जिन रिव्हर' २००७ ला आलं आणि २००८ ला लगेच त्याच गावातला ख्रिसमस.

२००९ पासून अमेरिकेतलं हॉलमार्क हे टीव्ही चॅनल ख्रिसमसच्या सिनेमांचा रतीब घालतंय. त्यातलं 'अमेरिकन' गाव पुष्कळदा कॅनडातलं असतं, शूटिंग ऐन उन्हाळ्यात, नटनट्या लोकरी कोटात घामाघूम आणि बर्फ खोटा.