बंद घराला बिल येतं, म्हणजे मीटर आपोआप पळतो का?

गणपती आणि शिमग्यालाच उघडणारी घरं कोकणात गावोगावी आहेत. त्यामुळे 'कुलूप लावून, मेन स्विच पाडूनही बिल येतं, म्हणजे मीटर पळतो' हा मेसेज दरवर्षी फिरतो. शंका रास्तच आहे.

पण बिलात युनिटचे पैसे वेगळे आणि स्थिर आकार वेगळा. जोडणी चालू असेपर्यंत स्थिर आकार भरावाच लागतो, वापर शून्य असला तरी. बंद घराला तो जाचक वाटतो, हे खरं; पण तो मीटरचा दोष नव्हे.

आता बिलावरचं मागील आणि चालू रीडिंग पाहा. दोन्ही सारखी असतील तर मीटर हललेला नाही. रीडिंग घेता आलं नसेल तर सरासरीने युनिट लावतात; प्रत्यक्ष रीडिंगनंतर ते वळते होतात.

घरी गेलात की मेन बंद करून मीटरवरचा लाल दिवा बघा. तो लुकलुकला तरच युनिट मोजली जातात, नुसता स्थिर पेटला तर नाही. मेन बंद असूनही लुकलुकत असेल, तर मीटर ते मेनमधली वायर तपासून घ्या. पावसाळी ओलीने तिथे गळती होऊ शकते.

मेन चालू ठेवून फक्त टीव्ही बंद केला असेल तर गोष्ट निराळी: 5 वॅटचा सेट-टॉप बॉक्स महिन्याला साडेतीन युनिट खातोच.