झाडाची जखम भरत नाही

पान पिवळं पडलं की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. तो आवरा आणि कुठलं पान पिवळं पडलंय ते बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर बहुधा नत्र कमी पडतंय. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्यागार, तर लोह मिळत नाही. हा रोग नव्हे, उपासमार आहे. डागाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतील, तर मात्र ती बुरशी. ते ठिपके म्हणजे तिच्या बीजाणूंची कोठारं. साध्या भिंगातूनही दिसतात. भुरी ओळखणं सगळ्यात सोपं: पीठ भुरभुरल्यासारखी दिसते आणि बोटाने पुसली जाते.

शेंडे वाळायला लागले तर वर बघत बसू नका, बुंध्याजवळची माती उकरा. मूळकूज झालेलं झाड फसवतं. मुळं पाण्यात कुजत असतात, पण पानं तहानेने कोमेजल्यासारखी दिसतात आणि आपण भाबडेपणाने आणखी पाणी ओततो. मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा या रोगजंतूला तर तेच हवं असतं. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. इथे पहिलं औषध म्हणजे निचरा.

आता छाटणी. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं करवतीने उभी चिरून पाहिली आणि 1977 मध्ये मांडलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. सडलेला भाग तसाच राहतो. झाड त्याच्याभोवती भिंती घालून तो कोंडतं. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा फुगीर कडा असतो. बाहेरून झाकणारी नवी साल तिथूनच वाढते. म्हणून रोगट फांदी त्या कड्याच्या अगदी बाहेर कापायची. कडा छिलायचा नाही, खुंटही ठेवायचा नाही. कापावर रंग फासण्याची जुनी सवयही सोडलेली बरी, त्याने कूज थांबत नाही. त्यापेक्षा प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा.

राहिली फवारणी. 1 टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी) निरोगी पानांचं रक्षण करतं, डाग पडलेलं पान बरं करत नाही.

आणि बुंध्यावर फळीसारखी कडक आळंबी उगवली, तर फवारणी विसरा. ती खरवडली तरी आतली बुरशी जागेवरच असते. मग खोड आतून किती पोकळ झालंय, एवढंच जाणकाराकडून तपासून घ्यायचं, वादळ येण्याआधी.