मीटर वाजला म्हणजे खटका चांगला, असं नाही

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एका गाडीचं काम करताना मी डॅशबोर्डातून हेडलाइटचा खटका काढला, मल्टीमीटरच्या दोन पिना त्याच्या टर्मिनलांना टेकवल्या आणि खटका ओढला. मीटर 'बीप' वाजला, म्हणजे आतून वाट जोडलेली आहे. खटका पुसूनपासून ठेवून दिला आणि रंगकाम झाल्यावर परत बसवला. वायरिंग नवं, बल्ब नवे. रात्री दिवे लावले तर उजेड पिवळट आणि मलूल. दहा मिनिटांनी खटक्याला हात लावला तर चटकाच बसला. डॅशबोर्ड पुन्हा उतरवण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून विजेचा कुठलाही भाग टेबलावर नीट तपासल्याशिवाय मी गाडीत जाऊ देत नाही.

मीटर खोटं बोलला नव्हता, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. बीप वाजवताना मल्टीमीटर खटक्यातून एक मिलिअँपिअरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी करंट सोडतो. वाटेत साधारण तीस-चाळीस ओहमपर्यंतचा अडथळा असला तरी बहुतेक मीटर वाजतातच. गाडीत मात्र 60 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर मिळून 10 अँपिअर मागतात, म्हणजे मीटरच्या करंटच्या दहा हजार पट. कचरा अडकलेल्या नळातून थेंब थेंब पाणी येतंच, पण तेवढ्यावरून बादली किती वेळात भरेल ते कळत नाही.

काढलेला खटका मी या वेळी बॅटरीला जोडला, पुढे तेच दोन बल्ब लावले आणि ते पेटलेले असताना खटक्याच्या एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंतचं व्होल्टेज मोजलं. 1.7 व्होल्ट! एवढं व्होल्टेज बल्बांपर्यंत न पोचता खटक्यातच गळत होतं. चांगल्या खटक्यात इथे शून्याच्या जवळचा आकडा दिसायला हवा. करंट 8.5 अँपिअरच्या आसपास होता, म्हणजे खटक्यातला अडथळा जेमतेम 0.2 ओहम. एवढा अडथळा तर मीटरच्या स्वतःच्या वायरींमध्येही असतो, त्यामुळे ओहमच्या रेंजवर तो वेगळा ओळखूच येत नाही. पण 1.7 गुणिले 8.5 केलं तर साडेचौदा वॅट होतात. लहान सोल्डरिंग आयर्नइतकी ही उष्णता काडेपेटीएवढ्या खटक्यात कोंडली जात होती. शिवाय तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घातानं बदलतो, म्हणजे व्होल्टेज चौदा टक्के घटलं की उजेड चाळीस टक्के जातो. 6 व्होल्टच्या जुन्या गाड्यांचे हाल आणखी वाईट, कारण तेवढ्याच वॅटसाठी त्यांना दुप्पट करंट लागतो.

मग हे 0.2 ओहम आले कुठून? खटका उघडला. आत बेकलाइटच्या पाटीवर पितळेच्या तीन पट्ट्या आणि त्यांवरून सरकणारा स्प्रिंगचा तुकडा. ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं आणि पट्टीच्या कडेला हिरवट थर चढला होता. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे दोन धातू एकमेकांवर ठेवले तरी खरे टेकतात ते मोजक्या सूक्ष्म टोकांवर. सगळा करंट त्या टोकांतूनच वाट काढतो. ऑक्साइडच्या थरानं त्यातली काही टोकं बंद पाडली की उरलेल्यांवर भार येतो, ती तापतात, आणि तापल्यामुळे ऑक्साइड आणखी वाढतं.

मी पट्ट्या साफ केल्या. पुन्हा मोजलं तर 1.1 व्होल्ट. म्हणजे दोष अजून बाकी होता. बल्ब पेटते ठेवून मीटरची पिन एकेक टप्पा पुढे सरकवत गेलो: टर्मिनलच्या पातीपासून रिवेटच्या डोक्यापर्यंत, रिवेटपासून पट्टीपर्यंत. जवळजवळ सगळी गळती पाती आणि रिवेट यांच्या मध्ये सापडली. इतक्या वर्षांत तापून-निवून रिवेट ढिला झाला होता, आणि बाहेरून पाहताना ते जराही जाणवत नव्हतं. व्होल्टेजची गळती मोजण्याची ही पद्धत मला फार आवडते: दोष आहे की नाही हे तर ती सांगतेच, पण नेमकी जागाही दाखवते.

बॅटरीबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगतो. लेड-अॅसिड बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतते, वायर क्षणात लाल होते. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळच हवा. अनोळखी भाग पहिल्यांदा जोडताना मी 21 वॅटचा एक बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे त्याच वाटेत पुढे-मागे, घालतो. भाग आतून शॉर्ट असला तर बल्ब झगझगीत पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही.

खटक्याला जे लागू तेच इतर भागांनाही. जुन्या इंडिकेटरच्या फ्लॅशरमध्ये बल्बांच्याच करंटनं एक धातूची पट्टी किंवा तार तापते, संपर्क तुटतो आणि निवली की पुन्हा जुळतो. त्यामुळे गाडीत असतात तेवढेच, तेवढ्याच वॅटचे बल्ब जोडल्याशिवाय त्याची परीक्षा होऊच शकत नाही. स्पार्क प्लगसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी इग्निशन कॉइल थंड असताना बरोबर रीडिंग देते आणि तापल्यावर दगा देऊ शकते, म्हणून ती गरम करूनही तपासावी. पेट्रोलच्या काट्याशी मात्र जपून. साठच्या दशकातल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत तो व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या स्टॅबिलायझरमधून सरासरी 10 व्होल्टवर चालतो. त्याला थेट 12 व्होल्ट देऊ नयेत.

माझ्या खटक्याची पाती मी रिवेटला सोल्डर केली, नवं ग्रीस लावलं आणि तेच बल्ब पंधरा मिनिटं जाळले. खटका तीस वेळा चालू-बंद केला, दर वेळी आकडा 60 ते 70 मिलिव्होल्टच्या मधेच राहिला. बोटाला तो जेमतेम कोमट लागत होता. तारीख आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी खटक्याला बांधली आणि मगच डॅशबोर्ड परत बसवायला घेतला.