दुसऱ्यासाठीची प्रार्थना फक्त पाळकांनीच करायची का?

विदर्भातील खेड्यांत काही ख्रिस्ती घरांमध्ये एक समजूत जुनी आहे: दुसऱ्यासाठीची प्रार्थना पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मोपदेशकांनी, केली तरच देवापर्यंत पोहोचते. त्यामुळे कापसाच्या वेचणीहून परतलेली बाई शेजारणीच्या आजारी मुलाचे नाव चिठ्ठीवर लिहून पदराच्या गाठीत बांधते आणि पाळकसाहेबांच्या पुढच्या फेरीची वाट पाहते. स्वतः मात्र त्या मुलासाठी चकार शब्द काढत नाही.

या समजुतीला आधार म्हणून बायबलमधील याकोबाच्या पत्राचा 5वा अध्याय दाखवला जातो, कारण त्याच्या 14व्या वचनात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावे, असे सांगितले आहे. अडचण अशी की वाचन तेथेच थांबते. 16व्या वचनात एकमेकांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा सर्वांनाच आहे, आणि 17व्यात तर एलीया संदेष्टाही आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता, असे मुद्दाम म्हटले आहे. इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांतही प्रेषित पौल साध्या विश्वासणाऱ्यांकडे स्वतःसाठी प्रार्थना मागतो. पाळकांना बोलावूच नये, असा याचा अर्थ अर्थातच नाही.

दुसऱ्यासाठीच्या प्रार्थनेला ‘मध्यस्थी’ असेही म्हणतात; घोटाळ्यात या शब्दाचाही वाटा असावा. मध्यस्थ म्हटले की आपल्याकडे बाजारातला दलाल डोळ्यांपुढे येतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात मात्र सर्व माणसांसाठी विनंत्या कराव्यात, असे आरंभीच सांगून 5व्या वचनात देव आणि माणसे यांच्यामधला मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, असे स्पष्ट केले आहे.